केरात सापडलेले पेपर

सत्तावीस वर्षं यावलच्या या शाळेत मी घंटा देतो.
घंटा कसली, रुळाचा तुकडा,
भुसावळहून कुणीतरी आणून टांगलेला.
एप्रिलात चुकून हात लागला तर फोड येतो.
मी सातवी शिकलो.
पुढचं शिकलो ते झाडता झाडता.

पोरगं कसं निघेल
हे मास्तर गुणपत्रकावरून सांगतात.
मला बाकाखाली दिसतं.
शेंगांची टरफलं, पेन्सिलीचा भुगा,
चावून चावून चपटी केलेली पेनाची टोपणं,
आणि चाचणीचे पेपर वाटले की त्या दिवशी
चुरगळलेल्या कागदांचा ढीग,
फुटलेल्या कापसासारखा पांढरा, मधेमधे लाल.

मुबारक तडवीचा त्यातलाच एक. वीसपैकी तीन.
दुसऱ्या दिवशी मी माठ भरत होतो
तर हा टोपल्यात कोपरापर्यंत.
"काय शोधी राहिला रे?"
"कालचा पेपर, सुपडूकाका. जाळला का?"
जाळला नव्हता. काडेपेटी ओली झाली होती.
त्याचं नशीब म्हणा, नाहीतर माझा आळस.

मांडीवर ठेवून त्यानं तळहातानं
त्या कागदाला इस्त्री केली.
मग भंगाळे बाईंच्या दारापर्यंत गेला, परत आला.
पुन्हा गेला, वाकून चपलेचा अंगठा
दुरुस्त करायचं सोंग केलं, परत आला.
तिसऱ्यांदा आत.
कोरपावलीहून रोज सायकल मारत येतो पोरगा,
पण मला वाटतं शाळेतलं सगळ्यात लांब अंतर
बाकापासून टेबलापर्यंतचं,
"बाई, मला हे आलं नाही" म्हणायला जायचं.

त्यानंतर त्यानं एकही पेपर फेकला नाही.
बाभळीच्या काट्यानं टोचून ठेवायचा सगळे.
दिवाळीपर्यंत गठ्ठा कळण्याच्या भाकरीएवढा जाड.
प्रत्येक चुकीखाली पेन्सिलीनं कारण लिहिलेलं:
घाई.
वजाचं चिन्ह विसरलो.
प्रश्नच पुरता वाचला नाही.
आणि एका ठिकाणी नुसतंच: कंटाळा.
ते वाचून मी केरसुणी टेकवून हसलो.

वैष्णवी झोपेची सवय वेगळी.
शेवटची घंटा झाली की वर्ग ओस,
ही एकटी वहीच्या मागच्या पानावर
आज काय कळलं ते लिहीत बसायची.
फाटकात बापाची रिक्षा भों भों करायची.
ती खिडकीतून एक बोट दाखवायची. एक मिनिट.
मी तेवढी रांग शेवटी झाडायचो.

भिंतीवरून उड्या मारणारेही पाहिले.
कुठली वीट झिजलीय, मला ठाऊक आहे.
कुणाचं नाव सांगितलं नाही कधी,
चांगलं केलं की वाईट, अजून ठरत नाही.

मुबारक रविवारी केळीच्या गाड्या भरायला जायचा.
परीक्षेच्या आधी मुकादमाला म्हणाला,
दोन रविवार येणार नाही.
मुकादमानं पुढचे चार रविवार बोलावलंच नाही.
घरात काय बोलणं झालं असेल ते असो.
सराव परीक्षेला मागच्या बाकावरून
चिठ्ठी आली त्याच्याकडे, मी दारातून बघितली.
मुठीतच राहिली शेवटपर्यंत.
झाडताना सापडली तेव्हा घामानं शाई पसरलेली,
उघडली होती की नव्हती, कळायला मार्ग नाही.
मी विचारलं नाही.

दहावीला गणितात एकसष्ट.
फार नाहीत, बाई म्हणाल्या.
मी मात्र तीन आठवत होतो.

तेव्हापासून पेपर मी लगेच जाळत नाही.
जिन्याखाली पोत्यात दोन दिवस ठेवतो.
बहुतेक वेळा कुणी येत नाही.
तिसऱ्या दिवशी काडी लावतो.

आज सकाळी आठवीतली एक मुलगी आली,
पोत्याशी उभी राहिली,
इकडेतिकडे बघून हात घातला.
दहा वाजून गेले होते.
मोठे सर व्हरांड्यातून मनगटावरचं घड्याळ दाखवत होते.
मी हातोडी शोधत राहिलो,
हातातच होती ती.